मागचं डावं दार

गाडी माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. माझी असती तर खरचटली, थोडा हळहळलो, चहा प्यालो आणि विसरलो, एवढ्यावर सगळं मिटलं असतं. पण गाडी होती माझ्या सासऱ्यांची. आणि माझे सासरे, रुपचंद नाना, धुळ्याला एसटीच्या वर्कशॉपात रंगकामाचे फोरमन होते. बत्तीस वर्षं त्यांनी बस रंगवल्या. रस्त्यानं चाललेल्या बसकडे बघून "हिला दुसरा हात घाईत मारलाय" असं सांगणारा माणूस. अशा माणसाच्या गाडीला ओरखडा पाडणं म्हणजे वैद्यबुवांच्या घरी जाऊन त्यांच्यासमोर गुळवेल ओळखायला चुकण्यासारखं आहे.

नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दीड महिना गाडी चालवायला, वाकायला आणि धुळीत जायला मनाई केली. धुळ्यात राहून धुळीपासून जपायचं कसं, हे काही डॉक्टरांनी सांगितलं नाही. नाना घरात बसले. गाडी उभी राहिली तर बॅटरी उतरेल, म्हणून त्यांनी ती माझ्या हवाली केली. किल्ली देताना माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. लग्नात मुलगी देतानाही एवढा वेळ धरला नव्हता.

"रोज दोन किलोमीटर फिरवा. कोरड्या फडक्यानं पुसू नका. झाडाखाली उभी करू नका, पाखरं घाण करतात. उन्हातही उभी करू नका, रंग उडतो."

झाडाखाली नाही आणि उन्हातही नाही, अशी जागा मे महिन्याच्या जळगावात फक्त एकच असते, आणि ती म्हणजे आपलं स्वतःचं घर. तिथे गाडी जात नाही.

एकोणतीस दिवस मी गाडी सांभाळली. तिसाव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, आमच्या कॉलनीच्या फाटकातून आत वळताना डावीकडून 'खर्र' असा आवाज आला. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे दुःखाची खोली कळेल. मी भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक आहे. लोकांच्या शेताच्या हद्दी मोजून देतो. वीतभर बांधासाठी भाऊ भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे असतात आणि मी मधे उभा राहून निकाल देतो. आणि हे फाटकही कॉलनीचा सचिव या नात्यानं मीच मोजून बांधून घेतलं होतं. फाटक नऊ फूट. गाडी साडेपाच फूट. उरलेले साडेतीन फूट त्या सकाळी कुठे गेले, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

उतरून पाहिलं. मागच्या डाव्या दारावर हातभर लांबीचा निळा पट्टा. खांबाचा रंग निळा होता, तो राखाडी गाडीला लागला होता. तेवढंच. हे 'तेवढंच' नीट लक्षात ठेवा, कारण त्या क्षणी मी ते ठेवलं नाही.

बायकोला, नूतनला, सांगितलं. ती पीठ मळत होती. हात थांबला.

"नाना रविवारी येणार आहेत," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"परवाच फोनवर सांगत होते, नव्या डोळ्यानं समोरच्या भिंतीवरच्या मुंगीचे पाय दिसतात म्हणून."

माझा सगळा भरवसा त्यांच्या जुन्या डोळ्यांवर होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

पहिला सभ्य मार्ग विम्याचा. मी विमा कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं फार गोड आवाजात विचारलं, "सर, समोरच्या वाहनाचा नंबर?"

"समोर वाहन नव्हतं. खांब होता."

"खांबाच्या मालकाचं नाव, सर?"

सचिव या नात्यानं मी गप्प राहिलो. मग ती म्हणाली की नोंदणीकृत मोबाइलवर सहा आकडी नंबर आलाय, तो सांगा. मी माझा मोबाइल पाहिला. काहीच नव्हतं. नोंदणीकृत मोबाइल कोणाचा, हे डोक्यात येईपर्यंत त्या मोबाइलवरून धुळ्याहून मला फोन आलाही होता.

नाना माझ्याशी एरवी पुस्तकी मराठीत बोलतात. जावयाचा मान म्हणून. पण मन अस्वस्थ झालं की अहिराणीवर येतात.

"जवाईबापू, माले मोबाइलवर आकडा ई ऱ्हायनात. कसाना शेत?"

"कंपनीचे असतील नाना. जाहिरात."

"जाहिरातमा 'तुमना अपघात' कसाले लिखतीन?"

मी म्हणालो, हल्ली फसवणूक फार वाढलीय, कोणालाही आकडे सांगू नका. ते म्हणाले, "नही सांगत." आणि त्यांनी खरंच ते कोणालाही सांगितले नाहीत. विम्याचा मार्ग तिथेच बंद झाला.

संध्याकाळपर्यंत बातमी कॉलनीभर झाली. शेजारच्या सुनंदाबाई पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, टूथपेस्ट लावा. पांढरी हवी, जेलवाली नको, त्यांच्या भाच्याच्या गाडीचा ओरखडा तसाच गेला. समोरचे तोतारामभाऊ सावद्याकडचे, केळीच्या बागा असलेले. त्यांच्या मते जगात अशी कुठलीच अडचण नाही की जिथे केळं उपयोगी पडत नाही.

"सालीची आतली बाजू घासा भाऊ. मी बूट तसेच पुसतो."

"आणि बुटावर मुंग्या?"

"त्या येतात," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

तिसरे मोतीलाल सर, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक. त्यांनी चष्मा वर करून पट्ट्याचं अर्धा तास निरीक्षण केलं आणि रंगाचे थर सांगितले. खाली पत्रा, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, त्यावर पारदर्शक चकाकीचा थर. "तुमचा प्रश्न कोणत्या थरात आहे, हे आधी ठरवा," ते म्हणाले. माझा प्रश्न चारही थरांच्या वर, धुळ्यात बसला होता.

बुधवारी टूथपेस्ट. पट्टा जरा फिका झाला, पण जिथे घासलं तिथे ताटलीएवढा गोल लख्ख चमकू लागला आणि बाकीचं दार त्याच्यापुढे मळकट दिसायला लागलं. एखाद्या गरीब घरात एकच मुलगा परदेशी जाऊन यावा तसं. म्हणून दार पूर्ण घासलं. मग दारापुढे गाडी मळकट दिसायला लागली. शिवाय गाडीला लवंगेचा वास येऊ लागला. केळ्याच्या सालीचा प्रयोग मी केला नाही. तो तोतारामभाऊंनी मी ऑफिसला गेलो असताना परस्पर केला. मुंग्या आल्या.

गुरुवारी अर्धी रजा टाकून मी बाजारात गेलो. जीवरामशेठ यांचं गाड्यांच्या सामानाचं दुकान मोठं आहे आणि त्यांना गिऱ्हाईकाची भीती दुरून कळते.

"कंपाउंड देऊ, पॉलिश देऊ, का वॅक्स देऊ?"

"फरक काय?"

"कंपाउंड घासतं. पॉलिश चमकवतं. वॅक्स झाकतं."

मला तिन्ही हवं होतं, मुख्यतः शेवटचं. त्यांनी पुढ्यात बाटल्या मांडल्या. जाड कंपाउंड, बारीक कंपाउंड, लिक्विड पॉलिश, डबीतलं वॅक्स. मग पाण्याचा कागद म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश पेपर: हजार नंबर, पंधराशे, दोन हजार. मी माणूस आकड्यांतला, म्हणून मला वाटलं नंबर जितका मोठा तितका कागद खरखरीत. ते उलटं असतं. हे मला जीवरामशेठनी सांगितलं असतं, पण मी विचारलं नाही. सरकारी नोकरीत पंचवीस वर्षं काढलेला माणूस दुकानदाराला प्रश्न विचारून स्वतःचं अज्ञान उघडं करत नाही. पिशवी उचलतो आणि चालायला लागतो.

घरी बाटलीवरच्या सूचना वाचल्या. पहिलीच सूचना: 'पृष्ठभाग थंड असताना वापरावे.'

मे महिना. जळगाव. त्रेचाळीस. माझ्या मते ही सूचना लिहिणारा माणूस भुसावळच्या अलीकडे कधी उतरलाच नसावा. मी बोनेटवर हात ठेवला आणि काढला. ओलं गोणपाट टाकलं. ते वीस मिनिटांत वाळून कडक झालं. शेवटी घरातला कूलर उचलून अंगणात नेला, एक्स्टेन्शन लावलं आणि गाडीच्या डाव्या दारावर सोडला. घरात नूतन आणि भाविका, म्हणजे आमची मुलगी, ओल्या टॉवेलनं तोंड पुसत बसल्या.

"बाबा, गाडीला बरं वाटतंय का आता?" भाविकानं खिडकीतून विचारलं. अकरावीत आहे. या वयात मुली फार जपून बोलत नाहीत.

कागदाचा क्रम मी उलटा लावला. आधी दोन हजारनं गोंजारलं, मग पंधराशेनं, आणि शेवटी सफाईसाठी हजारनं जोर लावून घासलं. निळा पट्टा पूर्ण गेला. मी आनंदानं ओरडलोही. पाणी वाळलं, तेव्हा दिसलं की पट्ट्यासोबत चकाकीही गेली होती आणि दारावर पाटीवर खडू पुसल्यासारखा पांढुरका धूर पसरला होता.

मोतीलाल सर म्हणाले, "आता हातानं होणार नाही. यंत्र पाहिजे." पॉलिशचं यंत्र वेगळं असतं, ते हळू फिरतं. सरांकडे होतं ते भिंतीला भोकं पाडायचं ड्रिल. त्याला त्यांनी लोकरीची गोल गादी बसवली. शुक्रवारी सकाळी आम्ही सुरुवात केली. सरांनी बटण दाबलं, मी कंपाउंड ओतलं. आधी ओतायचं आणि मग बटण दाबायचं, असा नियम असावा.

कंपाउंड दाराला लागलं नाही. ते बाकी सगळ्याला लागलं. सरांच्या चष्म्याला, माझ्या शर्टाला, कूलरला, आणि पलीकडे सुनंदाबाईंनी दोन खाटांवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्यांना, म्हणजे आमच्या खानदेशी पापडांना. वर्षाचे बिबडे होते ते. पहाटे चारला उठून घाटा शिजवला होता त्यांनी. सुनंदाबाई बाहेर आल्या, खाटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. एकेक बिबडा उलटून पाहत राहिल्या. ओरडल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं.

या गडबडीत ड्रिल दारावर एकाच जागी फिरत राहिलं. गरम पत्र्याचा वास आला तेव्हा सरांनी बटण सोडलं. राखाडी रंग गेला होता आणि आतून प्रायमरचा पांढरा तुकडा वर आला होता. तळहाताएवढा, वर निमुळता, उजवीकडे बाहेर आलेला. नकाशे हे माझं रोजचं काम. मी लगेच ओळखलं. हुबेहूब यावल तालुका.

त्या दुपारी रंग मिळवायला गेलो. नमुना हवा म्हणाले, म्हणून पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून खिशात घालून गेलो. दुकानातल्या कॉम्प्युटरनं सांगितलं की हा रंग कंपनीनं बंद केलाय, जवळचा देतो. 'जवळचा' हा शब्द मोजणीच्या धंद्यात आम्ही कधी वापरत नाही. त्या दिवशी मी तो मान्य केला. फवारणीचा डबा आणला, वर्तमानपत्र चिकटवलं आणि श्वास रोखून मारला. सावलीत झकास दिसलं. मी नूतनला हाक मारली. ती येईपर्यंत ऊन तिथवर सरकलं, आणि यावल तालुका हिरवा झाला.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "खरं सांगून टाका ना."

"सांगतो. रविवारी."

"रविवारी नाही. आत्ता आईचा फोन होता. नाना उद्याच येताहेत. घरात बसून कंटाळलेत म्हणे. महिनाभर धड कोणाशी बोलले नाहीत. सगळे म्हणतात वाकू नका, उचलू नका, तुम्ही फक्त बसा. नुसते भिंतीकडे तोंड करून बसतात."

मला त्या रात्री झोप आली नाही, एवढं सांगून पुढे जातो.

शनिवारी सकाळी मी गाडी डाव्या अंगानं भिंतीला इतकी चिकटवून उभी केली की मधून चिमणीही गेली नसती. वर कव्हर टाकलं. कव्हरवर तुळशीची कुंडी ठेवावी असंही मनात आलं होतं. नऊ वाजता रिक्षातून नाना उतरले. काळा चष्मा, हातात पिशवी, अंगात पांढरा शर्ट. महिनाभरात बारीक झाले होते. गाडीकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला जरा धीर आला. ते फाटकातच थांबले आणि मान वर करून हवा हुंगली.

"थिनरना वास ई ऱ्हायना," ते म्हणाले.

डोळ्यांचा विचार मी केला होता. नाकाचा केला नव्हता.

"सुनंदाबाईंकडे रंगकाम..." मी सुरुवात केली. सुनंदाबाई ओट्यावरच उभ्या होत्या. बिबड्यांचा हिशेब बाकी होता. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे नाही हो."

नाना चालत गेले, कव्हर उचललं, भिंत आणि गाडीतली फट पाहिली. "किल्ली द्या."

मी गाडी पुढे घेतली. पन्नास पावलं जावं असं वाटत होतं, पाच घेतली. खाली उतरून त्यांच्या शेजारी उभा राहिलो. नानांनी काळा चष्मा काढला. दाराकडे बघत राहिले. मी पंचवीस वर्षांत कितीतरी शेतकऱ्यांना सांगितलंय, की तुमचा बांध तुमचा नाही. त्यांना तेव्हा काय वाटत असेल, ते मला पहिल्यांदा कळलं.

"नाना, माझी चूक झाली," मी म्हणालो. "खांबाला घासली. मंगळवारी. आणि ते आकडे जाहिरातीचे नव्हते. मी खोटं बोललो."

त्यांनी दारावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पहिलांग काय व्हतं? नुसता निळा रंग?"

"हो. हातभर पट्टा."

"घासलेटनं फडकं मारं असतं, ते दोन मिन्टमा निंघी जातं."

दोन मिनिटं. चार दिवस, तीन शेजारी, एक कूलर, दोन खाटा बिबडे, आणि दोन मिनिटं.

"काय काय वापरं? बठ्ठं आना आठे."

मी पिशवी आणून बाटल्या, डब्या, कागद, ड्रिल, सगळं ओट्यावर ठेवलं. टूथपेस्टची ट्यूबही ठेवली, आता लपवायचं काही उरलं नव्हतं. नाना खुर्ची ओढून बसले. एकेक बाटली उचलून उन्हात धरायची, झाकण काढून बोटावर घ्यायचं, दोन बोटांत चोळायचं, पुढे ठेवायचं. ते मांडता मांडता ओळ लागली. हजार, पंधराशे, दोन हजार. जाड कंपाउंड, बारीक कंपाउंड, पॉलिश, वॅक्स. टूथपेस्ट त्यांनी भाविकाच्या हातात दिली. ड्रिल मोतीलाल सरांच्या.

"सामान खराब नाही आणलं तुम्ही," ते पुन्हा मराठीवर आले होते. "क्रम चुकला. आणि घाई केली. घाई कोणाची होती?"

"तुम्ही येणार होतात."

"मी काय फौजदार आहे?"

आणि नाना हसले. नूतन दारात उभी होती, तिनं चटकन तोंड फिरवलं. महिनाभरात तिनं ते हसू फोनवरही ऐकलं नव्हतं.

पुढचे चार दिवस नानांनी मला सोडलं नाही. डॉक्टरांची मनाई होती, त्यामुळे वाकायचं मी, धूळ खायची मी. ते दहा फुटांवर खुर्चीत, काळा चष्मा लावून. काम पहाटे साडेपाच ते आठ. पत्रा तेवढाच वेळ थंड असतो. रंग मिळवायला त्यांनी मला पुन्हा दुकानात नेलं. तिथल्या कॉम्प्युटरकडे पाठ करून बसले आणि दुकानदाराला सांगत राहिले: थोडा काळा, आता चिमूटभर निळा, बस, थेंबभर पांढरा. पुठ्ठ्यावर मारून तो उन्हात धरला, सावलीत धरला, पुन्हा उन्हात. झाकणाशेजारी ठेवल्यावर पुठ्ठा कुठला आणि झाकण कुठलं, हे दुकानदारालाही कळेना. नाना त्याला म्हणाले, "डोळा नवा शे." पण मला दिसत होतं की ते काम नव्या डोळ्याचं नव्हतं.

यावल तालुका घासून काढला. प्रायमर. वाळवणं. पुन्हा घासणं. फवारा मारताना मी नुसतं मनगट फिरवायचो.

"मनगट नका हलवू. खांद्यातून हात न्या. दाराच्या आधी सुरू, दार संपल्यावर बंद. मधे थांबलात की ओघळ."

मधे थांबलो. ओघळ आला. पुसून पुन्हा. दुसऱ्यांदा ओघळ आला. तिसऱ्यांदा मी तोंडातल्या तोंडात काही बोललो, ते त्यांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. "एसटीच्या लाल बसवर मी पहिले सहा महिने फवाऱ्यानं नुसतं पाणी मारायचो," ते म्हणाले. "उस्ताद डबाच देईना."

मंगळवारी सकाळी दोन हजारचा कागद पाण्यातून काढून मी शेवटचा हात फिरवला, मग बारीक कंपाउंड, मग पॉलिश. मऊ फडकं, लहान लहान गोल. गाडीच्या दारात आधी ढगासारखं काहीतरी दिसलं, मग कॉलनीची टाकी, मग पायरीवर उभी नूतन, आणि मग माझं स्वतःचं घामेजलेलं तोंड, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. नानांनी खुर्चीतून उठून जवळ येऊन पाहिलं. बराच वेळ. मग बादलीतलं गढूळ पाणी त्यांनी स्वतः नेऊन ओतलं, वाकायला मनाई असताना, आणि मी बोलायच्या आत बादली जागेवर ठेवली.

सुनंदाबाईंचे बिबडे नूतननं आणि मी पुन्हा घालून दिले. घाटा मी ढवळला. त्याबद्दल त्यांनी मला माफ केलंय, असं म्हणता येणार नाही, पण त्यांच्या भाच्याची गाडी त्या दुपारी आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. टूथपेस्टनं बरी झालेली. बोनेटभर धुरकट वर्तुळं होती. मागोमाग तोतारामभाऊंनी त्यांची जीप आणली.

तोतारामभाऊ नानांना म्हणाले, "नाना, तुमचा हात लागला म्हणजे झालं. पण तुम्हाले तर वाकता येत नाही. मंग करणार कोन?"

नानांनी काळा चष्मा वर सरकवला. मी बादलीत पाणी भरत होतो. ते अजिबात मोठ्यानं बोलले नाहीत.

"मना जवाई शे ना. हात चांगला शे त्याना."

मी नळ बंद केला आणि पंधराशेचा कागद भिजत टाकला.